शब्द न देणारी सून

माझी सून हरवलेली माणसं शोधते. पोलिसात नाही हो. आमच्या शहराच्या कडेला जुना बस डेपो होता, तिथे आता निर्वासितांचं केंद्र आहे, त्यात. युद्धातून जीव घेऊन पळालेली माणसं तिथे येतात, आणि पळताना कुणाचा मुलगा मागे राहिलेला असतो, कुणाची आई सीमेवरच्या गर्दीत हातातून सुटलेली असते. ही सगळी माणसं माझ्या सुनेच्या टेबलासमोर येऊन बसतात. ती विचारते, लिहून घेते, देशोदेशी फोन लावते. कधी माणूस सापडतो. पुष्कळदा सापडत नाही.

लोकांना वाटतं, असल्या कामाला बसणारी बाई म्हणजे हळवी, येताजाता डोळे पुसणारी. कसलं काय! माझ्यासमोर भांडणात टिकलेली आमच्या घरातली ती एकमेव व्यक्ती आहे, आणि हे मी कौतुकानं सांगतेय. मी बसमध्ये कंडक्टर होते. मागच्या दारात उभं राहून पुढच्या दारातल्या माणसाला खडसवायचं, यात माझा जन्म गेला. माझ्यापुढे नवरा कधी टिकला नाही. मुलगा तर बोलूनचालून गरीब. बेकरीत पाव भाजतो आणि स्वतःही त्या पिठासारखाच आहे, दाबू तिकडे दबतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी सुनेला म्हटलं, "आमच्याकडे असं चालत नाही." तिनं शांतपणे विचारलं, "आमच्याकडे म्हणजे कुणाकडे, आई? आता मीपण त्यातच आले ना?" एवढ्या वर्षांत मला असं चालत्या बसमधून कुणी उतरवलं नव्हतं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

म्हणूनच, हिचं काहीतरी बिनसलंय हे कळायला मला फार वेळ लागला. ठणठणीत माणसाकडे कोण बघतं?

कळलं ते नातीच्या घशामुळे. माझी नात दुसरीत आहे. तिला आम्ही लवंगी म्हणतो. आकार बघितला आणि आवाज ऐकला की का ते समजतं. तिच्या घशातल्या गाठी सारख्या सुजायच्या, ताप यायचा, शाळा बुडायची. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन करून काढून टाकू, महिन्याभरात तारीख देतो. लवंगीनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपली अट सांगितली.

"मी जाईन. पण मला जाग येईल तेव्हा आई तिथे पाहिजे. आईनं तसं आत्ता सांगायचं."

एवढंच. पोरीनं खेळणं मागितलं नाही, सायकल मागितली नाही. आम्ही सगळे सुनेकडे बघायला लागलो.

"मी पूर्ण प्रयत्न करीन," सून म्हणाली.

"प्रयत्न नको. असशील की नाही?"

"आत्ताच सांगता येत नाही, बाळा."

मी हातातलं पातेलं आपटलं. अगं, तुझी पोर आहे, ऑपरेशनला जाणार आहे, आणि तुझ्या तोंडून एक 'हो' निघत नाही? लवंगी खुर्चीवरून उतरली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "मग मी नाही जाणार." आणि ही पोर एकदा नाही म्हणाली की नाही, त्या बाबतीत ती थेट माझ्यावर गेलीय.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे आजचं नाही. गेली दोनेक वर्षं असंच चाललं होतं. रविवारी बागेत जायचं का? "बघू." संध्याकाळी जेवायला आहेस ना? "असावी बहुतेक." शेजारीण म्हणाली, जरा माझ्या कुंड्यांना पाणी घालाल का दोन दिवस, तर ही म्हणाली, "जमेल असं मी म्हणू शकत नाही." आणि दोन्ही दिवस न चुकता पाणी घातलं! करायची सगळं. फक्त आधी कबूल करायची नाही. माझा मुलगा एकदा लाडात येऊन म्हणाला, "म्हातारपणीसुद्धा अशीच सोबत राहशील ना गं?" तर ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो बिचारा आठवडाभर पाव करपवत होता.

आणखी एक खोड होती. रोज सकाळी लवंगी शाळेला निघाली की ही तिला दारात उभी करायची आणि वरपासून खालपर्यंत बघायची. निळा स्वेटर, करडी पँट, पांढरे मोजे, डाव्या बुटाची नाडी वेगळी. ओठ हलायचे तिचे. मला वाटायचं, लेकीचं कौतुक चाललंय. मी चेष्टासुद्धा करायची, "पुरे गं बाई, दृष्ट लागेल तुझीच."

त्या रात्री मात्र मी चेष्टा केली नाही. मी तिला चांगली धारेवर धरली. म्हटलं, "घरातली माणसं तुला ऑफिसातले अर्जदार वाटायला लागली का? परक्यांसाठी दिवसभर घसा कोरडा करतेस आणि पोटच्या पोरीला द्यायला एक शब्द नाही? नको झालं असेल हे घर तर तसं सांग!" ती भांडली नाही. मी वाट बघत होते की आता उसळेल, मला गप्प करेल. तिनं मान खाली घालून ताटं उचलली. माझी सून आणि गप्प? छे. इथे काहीतरी भलतंच आहे.

दोन दिवसांनी ती डबा विसरून गेली, आणि मी तो घेऊन केंद्रावर निघाले. खोटं कशाला बोलू, डबा निमित्त होतं. मला बघायचं होतं ही तिथे करते तरी काय. डेपो माझ्या ओळखीचा. जिथे आमच्या बसगाड्या धुवायचे तिथे आता बाकं मांडलेली, आणि जिथे मी हजेरी लावायची त्या खोलीत माझ्या सुनेचं टेबल. दार उघडंच होतं. आत एक म्हातारी बसली होती, तिच्या शेजारी भाषा समजावून सांगणारा माणूस.

सून म्हणत होती, "शोध चालू आहे. सापडतील असं मी सांगू शकत नाही. काही कळलं, चांगलं किंवा वाईट, की सगळ्यात आधी तुम्हाला सांगीन."

माझं डोकं फिरलं. म्हातारीला दोन गोड शब्द सांगायला काय जातं? पण त्या म्हातारीनं काय करावं? तिनं सुनेचा हात हातात घेतला, कपाळाला लावला आणि काहीतरी बोलली. त्या माणसानं सांगितलं, "त्या म्हणतायत, वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं की मुलगा पुढच्या गावात आहे. तुम्ही पहिल्या आहात ज्या माझ्याशी खोटं बोलल्या नाहीत." मी दाराबाहेरच उभी राहिले, डबा हातात धरून.

म्हातारी गेली आणि एक तरुण बाप आत गेला. मुलगी हरवलेली, साधारण लवंगीएवढीच असावी. सुनेनं हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी तिच्या अंगावर काय होतं?" त्याला आठवेना. लाल म्हणाला, मग नाही, हिरवं म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःच्या कपाळावर मारायला सुरुवात केली. माझ्याच मुलीचे कपडे मला आठवत नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सून उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि त्याचे दोन्ही हात घट्ट धरून उभी राहिली.

आणि मला सकाळचं ते दार आठवलं. निळा स्वेटर, पांढरे मोजे, हलणारे ओठ. अरे देवा! ती कौतुक करत नव्हती. ती पाठ करत होती. रोज सकाळी, आपली पोर आज हरवेल असं गृहीत धरून ती तिचे कपडे पाठ करत होती, आणि मी मेली दृष्ट लागेल म्हणून हसत होते. मी तिथेच बाकावर बसले.

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "बघितलंत ना?"

"बघितलं."

आम्ही भिंतीकडेला बसलो. डबा दोघींच्या मध्ये, आणि भूक कुणालाच नाही. मग ती बोलली. नोकरीच्या सुरुवातीला तिनं एका आजोबांना 'सापडेल तुमची बायको' असं सांगितलं होतं. चांगल्या मनानं, सहज. आजोबा रोज अंघोळ करून, दाढी करून येऊन बसायला लागले. बायको वाटेतच गेली होती, हे पुढे कधीतरी कळलं. "ते रागावले नाहीत, आई. एका शब्दानं बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं." तेव्हापासून तिनं तो शब्द टाकला. ऑफिसातल्या सगळ्यांचाच तो नियम आहे आणि नियम बरोबरच आहे, असं तिनं दोनदा सांगितलं. "पण आता घरीही तसंच होतं. लवंगीला 'मी असेन' म्हणायला जाते आणि मला दिसतं की ती डोळे उघडतेय आणि मी तिथे नाहीये. रस्त्यात काही झालंय, किंवा तिलाच काही झालंय. मग 'बघू' म्हणते आणि उठून जाते. मी वाईट आई आहे का हो?"

मी एरवी पटकन म्हणणारी बाई, "काही होत नाही गं, मनाचे खेळ!" या वेळी नाही म्हटलं. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला रडू आलं, तर तीच मला समजावायला लागली. बघा म्हणजे झालं.

"तुमच्याकडे कुणी डॉक्टर-बिक्टर नाही का याला?" मी विचारलं.

होती की. केंद्रानं एक समुपदेशक बाई नेमली होती, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. सगळे तिच्याकडे पाळीपाळीनं जायचे, 'ठीक आहे' म्हणायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. बाहेर माणसं रडतायत आणि आपण आत बसून आपलं रडगाणं गायचं याची लाज वाटायची सगळ्यांना.

"मग ती बाई तिथे चहा करायला ठेवलीय का?" मी म्हटलं. "उठ. डबा नंतर खा."

ती उठली. यात माझं काही शहाणपण नाही. मी फक्त ढकललं, गर्दीत ढकलतात तसं. आत जाऊन 'मी ठीक नाही' असं म्हणण्याची हिंमत तिची. परत आली तेव्हा चेहरा सुजला होता, पण चाल जुनी होती.

समुपदेशक बाई खमकी निघाली. स्वतः छावण्यांमध्ये काम केलेली, आणि मधे एक वर्ष अंथरुणातून न उठलेली. ती म्हणाली, रंगाऱ्याचे हात रंगणारच, त्यात लाज कसली; घरी येऊन धुवायला शिकायचं. आणि तिनं गृहपाठ दिला. रोज घरात एक छोटा शब्द द्यायचा आणि पाळायचा.

आमच्या घरात मग तमाशाच सुरू झाला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, मुठी आवळून, जणू शपथविधी आहे, आणि जाहीर करायच्या, "आई, आज भांडी मी घासणार." कपाळावर घाम! मी गंभीरपणे म्हणायची, "नोंद घेतली." मुलगा मागे तोंड दाबून हसायचा. एकदा तिनं दिवा आणते असा शब्द दिला आणि नेमकं दुकान बंद. बाई अर्धं शहर पालथं घालून दिवा घेऊन आली, थकून भागून, पांढरीफटक. समुपदेशक बाईला हे कळल्यावर ती म्हणाली, झालं, आता दुसरा धडा. एक शब्द द्या आणि मुद्दाम मोडा.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सुनेनं गुडघ्याचं मलम आणते म्हणून सांगितलं आणि हात हलवत घरी आली. "नाही आणलं," म्हणाली. मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. एवढं साधं काम होत नाही, दिवसभर मी लंगडतेय, माझी कुणाला पर्वा आहे का, म्हातारी मेली तरी तुम्हाला संध्याकाळी कळेल. बराच वेळ चालू होतं. आणि ही? ही हसत होती! आधी गालात, मग पोट धरून. जमिनीवरच बसली हसत. मला वाटलं, गेली हातची.

"बोला ना आई, थांबलात का?" ती डोळे पुसत म्हणाली. "मी शब्द मोडला आणि तुम्ही नुसत्या ओरडताय. कुणी मेलं नाही. कुणी दाढी करून येऊन बसलं नाही."

मग मलाही हसू फुटलं. त्या दिवशी गुडघा दुखतच राहिला, पण घर कितीतरी दिवसांनी घरासारखं वाटलं.

कामावरही ती जुन्या रुबाबात परतली. साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, वाईट बातमी सांगितल्यावर लगेच पुढचा माणूस आत घेणार नाही. आधी अंगणात एक फेरी मारणार, मग बोलावणार. मी एकटी नाही, सगळ्यांनीच. साहेब म्हणाले, लोक ताटकळलेत. ही म्हणाली, "मी मोडून पडले तर जास्त ताटकळतील." साहेबांनी मान्य केलं. हल्ली ते स्वतःसुद्धा अंगणात फिरताना दिसतात म्हणे.

सगळं झालं, पण लवंगीला हवा होता तो शब्द काही निघाला नव्हता. भांडी, दिवा, मलम वेगळं, हे वेगळं. ती तयारी करायची, पोरीसमोर बसायची, आणि केसच विंचरून परत यायची. तारीख आली. लवंगीला आम्ही दवाखान्यापर्यंत नेलं ते केवळ "आई तिथे गेल्यावर सांगेल" या माझ्या भरवशावर, आणि माझ्या भरवशाला घरात काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे.

पलंगावर तिला हिरवा झगा घातला. नर्स चाकाचा पलंग न्यायला आली. लवंगीनं खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरली.

"आधी आईनं सांगायचं."

"मी सांगते की, सोन्या," मी म्हटलं.

"तू नाही, आजी. तू कायपण सांगतेस."

माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. नर्सनं घड्याळ बघितलं. माझ्या जिभेच्या टोकावर शंभर गोष्टी आल्या, मी सगळ्या गिळल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

सून पलंगापाशी खाली वाकली. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. ती म्हणाली, "तुला जाग येईल तेव्हा मी तिथे असेन."

"नक्की?"

"नक्की."

लवंगीनं जाळी सोडली.

आणि नर्स, भली बाई, सवयीनं म्हणाली, "नातेवाईकांना आत नाही येता येत हं. जाग आली की मग बाहेर आणतो, तेव्हा भेटा."

झालं! मी बाह्या सावरल्या. कंडक्टरचा आवाज काढणार, तेवढ्यात सुनेनं माझ्या दंडाला हात लावला. "आई, मी बोलते." आणि ती बोलली, तिच्या टेबलावरच्या त्या हळू आवाजात, "ताई, मी तिला शब्द दिलाय. मी असे शब्द देत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा दिलाय. तुमचा नियम मोडायचा नसेल तर तिला तुम्ही आत्ता सांगा की आई नसेल. मी नाही सांगणार."

नर्सनं लवंगीकडे बघितलं. लवंगीनं नर्सकडे बघितलं. बिचारी नर्स. ती आत गेली, मोठ्या डॉक्टरांशी काहीतरी बोलली आणि एक टोपी, एक मास्क आणि एक झगा घेऊन आली. "एका कोपऱ्यात बसायचं. हलायचं नाही," म्हणाली.

"नाही हलणार," सून म्हणाली. हे आता तिला कसं पटकन जमलं बघा.

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मी आणि मुलगा बाहेर. त्यानं बेकरीतून आणलेला पाव मी एकटीनं संपवला, घाबरले की मला भूक लागते. ऑपरेशननंतर जाग येईपर्यंत ठेवतात त्या खोलीच्या दाराला काचेची छोटी चौकट होती, तिला नाक लावून मी उभी राहिले. ऑपरेशन झाल्यावर लवंगीला त्या खोलीत आणून ठेवलेलं दिसलं, आणि कोपऱ्यात स्टुलावर ताठ बसलेली माझी सून. पाणी प्यायला उठली नाही, पाय लांब केला नाही. लवंगी हलली तेव्हा सुनेनं मास्क खाली ओढला. मला एवढंच दिसलं, कारण माझ्याच श्वासानं काच धुरकटली.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. टोपी वाकडी, चेहरा ओलाचिंब.

"काय झालं?" माझा जीव टांगणीला. "पोर बरी आहे ना? काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, आई." ती रडत होती आणि हसत होती. "डोळे उघडले, समोर मी दिसले, परत मिटून घेतले. झोपली. तिनं मला शोधलंच नाही."